ल कुठे ठेवायचा?

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा मात्र मध्य प्रदेशातच राहिला. त्यातल्या पांढुर्णा आणि सौंसर या तालुक्यांचा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. इथे घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि दोन्हीकडे देवनागरी. पण मराठी वळणाचे ल आणि श हिंदी छपाईतल्यापेक्षा निराळे. यंत्राच्या वर्णनात कच्ची माहिती किती कोंबावी, हा निव्वळ तांत्रिक वाटणारा प्रश्न अशा मुलखातून अधिक स्पष्ट दिसतो.

जुन्या पीसीवर अक्षर म्हणजे ठिपक्यांचा तक्ता. आठ ठिपके रुंद आणि सोळा उंच अशा चिन्हाला १६ बाइट, म्हणजे २५६ चिन्हांना ४,०९६. रोमनचे एवढ्यात भागे आणि ते रॉममध्ये कायमचे बसवता येई. जोडाक्षरांच्या देवनागरीला ते पुरणारे नव्हते. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी सुरू केलेले आणि १९८८ नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले जिस्ट कार्ड लिपीचे हे काम स्वतःकडे घेई. तरी खरी दूरदृष्टी कार्डात नव्हे, भारतीय लिप्यांचे संकेतांक ठरवणाऱ्या १९९१ च्या इस्की मानकात होती, असे मला वाटते. मजकुरात साठवायचा तो अक्षराचा संकेतांक. त्याचा आकार वेगळा. म्हणजे ल कोणत्या वळणाचा, हा निर्णय मजकुराला हात न लावता बदलता येतो.

हार्डवेअरचे वर्णन लिहिणारेही याच वाटेने गेले. १९९५ च्या व्हेरिलॉग मानकात रॉमची रचना एका फाईलीत लिहून आतले आकडे दुसरीतून भरून घेण्याची सोय आहे. लिनक्सला यंत्राची ओळख करून देणाऱ्या डिव्हाइस ट्रीच्या कंपायलरमध्ये २००८ पासून अख्खी बायनरी फाईल, किंवा तिचा हवा तेवढाच तुकडा, एका ओळीत ओढून घेता येते. यावर आक्षेप असा की फायली दोन झाल्या की एक हरवते. त्यापेक्षा आकडे वर्णनातच लिहावेत. पण चार हजार आकड्यांचे मुद्रितशोधन कोण करणार? शिवाय डिव्हाइस ट्रीत ही जुळणी कंपाइल होतानाच होते, फाईल सापडली नाही तर काम तिथेच अडते, आणि यंत्राच्या हाती शेवटी एकच गठ्ठा पडतो. वेगळेपण आहे ते माणसाच्या सोयीसाठी. दुसरा आक्षेप जास्त वजनदार: ओढून घेतलेल्या फाईलीत काय आहे हे वर्णन वाचून कळत नाही. ते खरेच आहे, म्हणून अशा फाईलीबरोबर ती कशातून तयार झाली याची नोंद ठेवावीच लागते.

युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीचीच मांडणी घेतली. आज ज्या ओपनटाइप फॉन्टमध्ये सोय आहे तो, मजकुराची भाषा मराठी नोंदलेली असेल तर, ल आणि श मराठी वळणाचे काढतो. हिंदी नोंदलेल्या अर्जात मराठी आडनाव टंकले की फॉन्टचे मूळ वळण उमटते.