हात माझा, उत्तर कुणाचं?

शाळेत गुरुजी विचारत, "हे उत्तर कुणाकुणाला पटतं? हात वर करा." मी आधी हुशार मुलांकडे बघायचो, मगच हात वर करायचो.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ साली व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न विचारायला सुरुवात केली. आधी प्रत्येकाने एकट्याने उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा उत्तर द्यायचं. सुरुवातीला हात वर होत. पुढे हातात बटणांची यंत्रं आली. पडद्यावर उत्तरांचे उंच-बुटके खांब दिसू लागले.

पण वाद संपण्याआधीच ते दाखवले, तर मुलं उंच खांबाकडे झुकतात. म्हणून आकडे थोडे झाकून ठेवावेत. माझ्या वर्गात ती सोय नव्हती. हात माझा होता, उत्तर शेजाऱ्याचं. गुरुजींना ते कधीच कळलं नाही.