वीजतंत्री व्हायचे आहे? अप्रेंटिसशिप आणि युनियनविषयी आधी हे वाचा

वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन आणि तारतंत्री म्हणजे वायरमन. आयटीआयचे हे दोन्ही ट्रेड दोन वर्षांचे. आपल्या वस्त्यांमधली बरीच मुले इकडे वळतात, अलीकडे मुलीही येत आहेत. पण आयटीआय संपल्यावर अप्रेंटिसशिपची गाडी कागदपत्रांत अडते आणि युनियनचा विचार तर नोकरी लागल्यावर, तोही कुणी पावती फाडली तर होतो. म्हणून हे दोन्ही विषय आम्ही इथे एकत्र घेतले आहेत.

कुशल काम कोणाच्या हाती, हा प्रश्न आपल्या चळवळीला जुना आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, त्याचा सवर्ण कामगारांना विटाळ होई. रेल्वेत आपली माणसे गँगमन म्हणून लागत आणि बहुतेक गँगमन म्हणूनच निवृत्त होत. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी हा मुद्दा मांडला आणि ब्राह्मणशाही व भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. युनियनच नको, असे मात्र ते म्हणाले नाहीत. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांसोबत संप केला. पुढे 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे धोरणही त्यांच्याच खात्यात येत होते. युनियनला मान्यता देणे मालकावर बंधनकारक करणारे विधेयक त्यांनी 1943 मध्ये मांडले.

आता आजचे. अप्रेंटिसशिपचा कायदा 1961 चा आहे. आयटीआय झालेल्या वीजतंत्र्याला साधारण एक वर्ष महावितरण, महापारेषण, रेल्वे किंवा एखाद्या खासगी कारखान्यात काम शिकता येते. केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदणी करायची, आस्थापनेकडे अर्ज करायचा आणि निवड झाली की करार होतो. हा करार नोंदवला गेला आहे ना, हे स्वतः पाहा. करार न करता "ये, शीक" म्हणून राबवून घेणारे ठेकेदार कमी नाहीत. त्याला अप्रेंटिसशिप म्हणत नाहीत. 2019 च्या दुरुस्तीने आयटीआय झालेल्यांसाठी दरमहा किमान 7000 रुपये विद्यावेतन ठरवले. सही करताना त्या दिवशीचा दर बघून घ्या. वर्ष संपल्यावर परीक्षा असते, ती चुकवू नका, कारण राष्ट्रीय प्रमाणपत्र त्यावरच मिळते.

या कायद्यात 1973 पासून अनुसूचित जाती-जमातींसाठी जागा राखीव आहेत. इथेच आपली मुले जातीच्या दाखल्यावर अडतात. 1990 च्या दुरुस्तीनंतर बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीच्या सवलती मिळू लागल्या, पण अनुसूचीत नाव जातीचे असते, धर्माचे नाही. त्यामुळे दाखल्यावर नुसते 'बौद्ध' किंवा 'नवबौद्ध' असेल तर रेल्वेसारख्या केंद्राच्या आस्थापनेत तो चालत नाही. मूळ जात आणि बौद्ध धर्म दोन्ही लिहिलेला दाखला हवा. मूळ जात लिहायला अनेकांचे मन घेत नाही, आणि ते आम्ही समजू शकतो. पण ही दुरुस्ती तहसील पातळीवर आधीच करून ठेवा. जाहिरात आल्यावर वेळ उरत नाही.

अप्रेंटिस हा कायद्याने प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. वर्ष संपल्यावर नोकरी द्यायला आस्थापना बांधील नसते आणि पगारवाढीच्या करारात अप्रेंटिस मोजला जात नाही. तरी दोन गोष्टी त्याच्या हक्काच्या आहेत. प्रशिक्षणाच्या कामात अपघात झाला तर भरपाई आस्थापनेने द्यायची. आणि कराराबाबत वाद झाला तर तो अप्रेंटिसशिप सल्लागाराकडे नेता येतो. लाइन बंद केल्याचे परमिट घेतलेले नसेल, अर्थिंग केलेले नसेल, हातमोजे नसतील, तर खांबावर चढू नका. साहेबाने सांगितले तरी नाही. असा नकार एकट्या पोराला जड जातो, म्हणून सेक्शनमधल्या युनियन प्रतिनिधीची ओळख पहिल्याच आठवड्यात करून घ्या.

नोकरी लागल्यावर कोणती युनियन? वीज कंपन्यांत आयटकची वर्कर्स फेडरेशन आहे, भारतीय मजदूर संघाशी जोडलेला कामगार महासंघ आहे, मागासवर्गीय विद्युत कर्मचारी संघटना आहे, आणखीही आहेत. रोस्टर, बढती, जातीवरून होणारा छळ या बाबतींत मागासवर्गीयांची संघटना जेवढी धावून येते तेवढी इतर येत नाहीत. पण खासगीकरण आणि वेतनाचा लढा एकट्या संघटनेचा नाही. जानेवारी 2023 मध्ये समांतर वीज परवान्याविरुद्ध अनेक संघटना एकत्र संपावर गेल्या आणि पहिल्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावे लागले. सभासद होताना वर्गणीची पावती आणि युनियनचा नोंदणी क्रमांक मागून घ्या.

बिल्डिंग लाइनमध्ये वायरिंग करणाऱ्यांना यातले फारसे काही मिळत नाही. त्यांनी निदान इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव घालावे. वायरिंगचे काम त्यात धरले जाते. वय 18 ते 60 आणि मागच्या वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार तो देत नसेल तर गावात ग्रामसेवकाकडून, शहरात पालिकेकडून घेता येतो.