गॅस गीझरची ज्योत कशी तपासायची? घरच्यांनी काय पाहावं, मेकॅनिकनं काय करावं

बेळगाव : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या जुन्या घरांत पाणी तापवायचा तांब्याचा बंब परसात नाही तर पडवीत असायचा. त्याला मधोमध धुराडं, आणि धूर कोंडला तर आधी डोळेच सांगायचे. त्याच्या जागी आलेला गॅस गीझर थेट न्हाणीत, आंघोळ करणाऱ्याच्या डोक्याशी टांगला जातो. त्यातून निघणाऱ्या सगळ्यात घातक वायूला, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला, रंग नाही आणि वासही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या पिरियापट्टणमध्ये आंघोळीला गेलेल्या दोन सख्ख्या बहिणी दगावल्या. मार्च २०२३ मध्ये धुळवडीनंतर मुंबईच्या घाटकोपरमध्ये एक दांपत्य न्हाणीघरात मृतावस्थेत सापडलं, तिथंही पहिला संशय गीझरवरच गेला होता.

‘गॅसचा वास येत नाही, म्हणजे सगळं ठीक’ हा समज इथं उपयोगाचा नाही. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, त्यामुळं गळती नाकाला कळते. कार्बन मोनॉक्साइड मात्र गळत नाही, तो जळताना तयार होतो. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली नाही की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू बाहेर पडतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. माणसाला गरगरतं, पाय गळून जातात आणि कडी काढायच्या आत तो खाली बसतो.

हवेचा हिशोब

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा साधा गीझर पूर्ण ताकदीनं चालला तर तासाला जवळपास १ किलो गॅस जाळतो. तेवढ्या गॅसला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांची, ८ फूट उंचीची न्हाणी घेतली तर आत हवा असते साडेपाच घनमीटरच्याही आत. म्हणजे दार-खिडकी बंद करून दहा मिनिटं गीझर चालवला, तर आतल्या एकतृतीयांशाहून जास्त हवेतला ऑक्सिजन संपू शकतो. ज्योत बिघडायला त्याच्या निम्मा वेळही पुरतो. एकामागून एक तिघांनी आंघोळी उरकल्या तर तिसऱ्याच्या वाट्याला काय उरतं, ते यावरून समजावं.

पावसाळ्यात नेमकं हेच होतं. झड आत येते म्हणून झरोक्याला प्लॅस्टिक लावलं जातं, थंडी वाजते म्हणून दाराखालच्या फटीत पोतं कोंबलं जातं. एक्झॉस्ट फॅन लावला म्हणजे झालं असंही नाही. फॅन हवा बाहेर फेकतो. आत यायला खालून वाटच नसेल तर तो नुसता फिरतो. गीझरला धुराचा पाइप असेल तर असा फॅन तोच धूर उलटा आत ओढू शकतो. त्यामुळं खाली एक जाळी आणि वर एक झरोका, दोन्ही कायमचे उघडे हवेत.

ज्योत पाहताना

तपासणी आंघोळीच्या वेळी करू नये. न्हाणी रिकामी ठेवावी, दार सताड उघडं ठेवावं आणि गरम पाण्याचा नळ सोडून गीझरच्या पुढच्या काचेतून पाहावं. ज्योत निळी, टोकदार, एका जागी स्थिर असली पाहिजे. बर्नरच्या सगळ्या रांगा जवळजवळ एकदम पेटल्या पाहिजेत. भक् असा आवाज होऊन उशिरा पेटत असेल तर आधी बॅटरी बदलून पाहावी. तरीही तसंच होत असेल तर आत गॅस साठून मग पेट घेतोय, गीझर बंद करून मेकॅनिक बोलवावा.

लांब, लवलवणारी पिवळी ज्योत म्हणजे हवा कमी किंवा गॅस जास्त. ज्योत बर्नरपासून सुटून वर तरंगते, फुरफुरते, तेव्हा दाब जास्त किंवा हवा जास्त. मधेच नारिंगी ठिणग्या चमकून जातात त्या बहुतेक धुळीच्या असतात. पिवळेपणा टिकून राहतो का ते पाहायचं. गीझरच्या वरच्या भागावर किंवा भिंतीवर काजळीचा पट्टा दिसला, डोळे चुरचुरले, आंघोळीनंतर रोज डोकं दुखू लागलं, तर ज्योत कशीही दिसो, गीझर वापरणं थांबवावं.

निळी ज्योत ही चांगली खूण आहे, हमी नव्हे. दार उघडं असताना निळी दिसणारी ज्योत बंद न्हाणीत काही मिनिटांनी बिघडते आणि तेव्हा काचेकडं पाहायला कुणी नसतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवर चालतो. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, तो या कामाचा नाही. विकत घेताना दुकानदाराला हे स्पष्ट विचारावं, कारण दोन्ही डबे दिसायला सारखेच.

ज्योत का बिघडते?

बर्नरमध्ये गॅस बारीक नोझलमधून जोरात सुटतो आणि शेजारच्या भोकांतून हवा ओढून घेतो. ही भोकं तुंबली की हवा कमी पडते. शहापूर, वडगावात घरातच माग चालतात, तिथं कापसाचे तंतू उडतात. निपाणीत तंबाखूची भुकटी असते. उन्हाळाभर गीझर बंद राहिला तर कोळी जाळं करून बसतो. बर्नरच्या वर तांब्याच्या पात्यांची जाळी असते. तिच्यात काजळी साठली की धुराला वाट मिळत नाही आणि ज्योत आणखीनच गुदमरते.

पुढचे नॉब फिरवून यातलं काही सुधारत नाही. ते पाण्याचा आणि आचेचा प्रमाण ठरवतात, गॅसमध्ये मिसळणाऱ्या हवेचा नव्हे. घरच्यांनी बॅटरी बदलावी, बाहेरच्या फटी कोरड्या ब्रशनं झाडाव्यात, जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावं. काडी ओढून गळती शोधू नये. सुई घालून नोझल मोकळं करायचा प्रयत्न तर मुळीच करू नये. भोक केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि ज्योत कायमची पिवळी होते.

मेकॅनिकचं काम बर्नर आणि जाळी उतरवून साफ करणं, आणि दाब मोजणं. घरगुती रेग्युलेटरचा दाब चौरस सेंटिमीटरला ३० ग्रॅम असतो. पारदर्शक नळीत पाणी भरून मोजलं तर दोन बाजूंच्या पातळीत साधारण ३० सेंटिमीटरचा फरक दिसतो. मोजणी गीझर पेटलेला असताना घ्यावी लागते. पाणी कमी तापतं म्हणून हॉटेलच्या भट्टीचा जास्त दाबाचा रेग्युलेटर बसवणारे महाभाग आहेत; त्यांना परत पाठवावं. काही मॉडेलमध्ये ऑक्सिजन कमी झाला की गॅस तोडणारा सेन्सर असतो. ‘गीझर सारखा मधेच बंद पडतोय’ अशी तक्रार आली की त्याच्या वायरी जोडून तो निकामी केला जातो. ज्यानं जीव वाचायचा तेच काढून टाकल्यासारखं हे झालं. सेन्सर तोडत असेल तर आधी झरोका पाहावा.

सगळ्यात पक्का उपाय म्हणजे गीझर न्हाणीबाहेर, मोकळ्या पडवीत किंवा बाल्कनीत लावून आत फक्त गरम पाण्याचा पाइप घेणं. जपानमध्ये बहुतेक घरांत तो बाहेरच्या भिंतीवरच असतो. चार-पाच फूट पाइपचा आणि प्लंबरचा खर्च वाढतो, इतकंच.

कोल्हापुरात घेतलेला सिलिंडरवरचा गीझर निपाणीत किंवा बेळगावात तसाच चालतो, दाब दोन्हीकडं एकच आहे. पाइपच्या गॅसवर मात्र तो तसा चालत नाही. त्याचं नोझल वेगळं, बदल कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्यावा. खरेदी करताना आयएस १५५५८ हा मानक क्रमांक आणि आयएसआय खूण पाहावी. वॉरंटीची सेवा सीमेपलीकडं मिळते का, हेही बिलावर लिहून घेतलेलं बरं.

न्हाणीतून हाकेला उत्तर आलं नाही तर दार तोडावं, श्वास रोखून आत जाऊन माणसाला मोकळ्या हवेत ओढावं, गॅस बंद करावा आणि १०८ ला फोन करावा. गॅसगळतीसाठी १९०६, इतर मदतीसाठी ११२. तिन्ही क्रमांक कर्नाटकात आणि महाराष्ट्रात चालतात. शुद्धीवर आलेल्या माणसालाही दवाखान्यात न्यावं आणि डॉक्टरांना गीझर चालू होता हे आधी सांगावं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर अशा वेळी आकडा चांगला दाखवतं, कारण त्याला ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइडमधला फरक कळत नाही.