नकाशाची दुरुस्ती आणि गावाचे नाव : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात काही विचार

मोटारीत बसविलेल्या जुन्या मार्गदर्शक यंत्राचा नकाशा अद्ययावत करावयाचा झाल्यास एक अडचण हटकून उद्भवते. यंत्राची साठवण ठरलेली असते आणि नवा नकाशा मात्र जुन्यापेक्षा मोठा असतो. तेव्हा काहीतरी ठेवावयाचे आणि काहीतरी गाळावयाचे, याला पर्याय राहत नाही. ही निवड तंत्रज्ञाची आहे असे समजून अभ्यासक सामान्यतः तिकडे लक्ष देत नाहीत. वस्तुतः काय गाळावयाचे हा प्रश्न नकाशाच्या इतिहासाइतकाच जुना आहे. आणि गाळणीत प्रथम जाते ते लहान गावाचे नाव, निदान त्या नावाचे विशेषण तरी. परभणी जिल्ह्याच्या आधाराने या गाळणीचा इतिहास पाहावा, आणि जागेच्या टंचाईचे जे कारण तिच्यासाठी दिले जाते ते कितपत खरे आहे याची तपासणी करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

दक्षिणेच्या शास्त्रशुद्ध मोजणीचा आरंभ विल्यम लॅम्टन याने १८०२ साली मद्रासजवळ केला. मोजणीची रेषा उत्तरेकडे सरकत असता १८२३ च्या जानेवारीत हिंगणघाट येथे त्याचा मृत्यू झाला आणि पुढील काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आले. बिदर परिसरातून वऱ्हाडाकडे जाणारी ही प्रमुख रेषा परभणीच्या पूर्वेकडून गेली. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाने देशाची चौकोनी पत्रके पाडली. त्या पद्धतीत ५६ क्रमांकाचे पत्रक उत्तर अक्षांश १६ ते २० आणि पूर्व रेखांश ७६ ते ८० एवढा प्रदेश व्यापते. त्याचे पुन्हा एकेका अंशाचे सोळा भाग होतात. परभणी शहर त्यांपैकी ५६ ए या भागात पडते, तर गंगाखेड एकोणिसाव्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेस असल्यामुळे ५६ बी मध्ये जाते. एकाच जिल्ह्यातील हे दोन कसबे; पण कागदावर एकाहून दुसऱ्याकडे जावयाचे तर पत्रक बदलावे लागते.

एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या पत्रकावर जागा मोजकीच असे. गावे दाट असतील तेथे रेखाटनकारास अक्षरे बारीक करावी लागत, नावे आखडती घ्यावी लागत, क्वचित सोडूनही द्यावी लागत. परंतु त्या पत्रकाच्या समासात एक महत्त्वाची गोष्ट छापलेली असे : पाहणी कोणत्या वर्षी झाली आणि आवृत्ती कोणत्या वर्षाची आहे. त्यामुळे वाचकास नकाशाचे वय कळत असे. पुढील विवेचनात या समासाची आठवण ठेवावी लागेल.

परभणीची नावे कागदावर उतरली ती निजामी राजवटीत. पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. येथे भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे काही आहे. उर्दू लेखनात ट आणि ड यांस स्वतंत्र अक्षरे आहेत, परंतु ण आणि ळ यांस नाहीत. साहजिकच परभणीतील ण चा न झाला आणि टाकळीतील ळ चा ल झाला. इंग्रजी नकाशांनी रोमन लिपी वापरली. तिने ण आणि ळ तर परत आणले नाहीतच, उलट ट व त आणि ड व द यांतील भेदही पुसला. आज यंत्राच्या पडद्यावर नावे पुन्हा देवनागरीत येतात, ती पुष्कळदा या रोमन लेखनावरूनच यांत्रिक रीतीने केलेली असतात. मग टाकळीची ‘टाकली’ होते. ही टंकलेखनाची साधी चूक नव्हे. तीन लिप्यांतून झालेल्या प्रवासाची ती खूण आहे.

नावांचे रूप असे बदलत असता त्यांभोवतीच्या सीमाही स्थिर राहिल्या नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानातील निजामी सत्ता संपुष्टात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला तेव्हा परतूर परभणीतून तिकडे गेले. १ मे १९९९ रोजी हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे तालुके मिळून वेगळा हिंगोली जिल्हा झाला. म्हणूनच नामदेवांची नरसी किंवा औंढ्याचे नागनाथ यांचा उल्लेख जुन्या ग्रंथांत परभणी जिल्ह्यात आढळतो. तो उल्लेख त्या ग्रंथाच्या काळापुरता बरोबरच असतो. नवा नकाशा तेवढा हाती असलेला विद्यार्थी मात्र त्यास प्रमाद समजण्याचा संभव आहे.

एका रस्त्याचे उदाहरण घेतल्यास ही गुंतागुंत अधिक स्पष्ट होईल. कल्याणहून अहमदनगर, पाथरी, मानवत, परभणी, वसमत, नांदेड, भोकर या मार्गाने निर्मलला जाणारा राष्ट्रीय महामार्ग २२२ क्रमांकाचा होता. २०१० मध्ये महामार्गांस नवे क्रमांक देण्यात आले आणि तो ६१ झाला. निर्मल त्या वेळी आंध्र प्रदेशाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. २०१४ साली ते तेलंगणात आले आणि २०१६ साली स्वतः जिल्ह्याचे ठिकाण झाले. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. म्हणजे २००९ सालचा नकाशा ज्या यंत्रात असेल, त्यात रस्ता त्याच जागी आहे, डांबर त्याच मातीवर आहे. परंतु रस्त्याचा क्रमांक, एका शहराचे नाव, आणि शेवटच्या गावाचे राज्य व जिल्हा ही सारी बदललेली आहेत. या रस्त्यापुरती जमीन फारशी हलली नाही. हलली ती नावे. प्रवाशाने नवे नाव यंत्रास सांगितले तर ते ‘असे ठिकाण नाही’ असे सांगते. आणि नव्या नकाशात जुने नाव गाळलेले असेल, तर घरातील वडीलधाऱ्या माणसाचेही तेच होते.

आता यंत्राच्या साठवणीकडे वळू. १९८५ साली अमेरिकेत ‘एटक’ नावाचे मोटारीतील मार्गदर्शक यंत्र विक्रीस आले. त्याचे नाव प्रशांत महासागरातील बेटवासीयांच्या नौकानयनविद्येवरून घेतलेले होते. त्याचे नकाशे कॅसेटवर असत आणि एका मोठ्या शहरासाठी अनेक कॅसेटी लागत; शहराच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना कॅसेट बदलावी लागे. परभणीहून गंगाखेडला जाताना पत्रक बदलण्यासारखेच हे झाले. पुढे सीडी, डीव्हीडी आणि मेमरी कार्डे आली. २ मे २००० रोजी अमेरिकेने उपग्रहसंकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा काढून टाकली आणि सामान्य वाहनचालकास ही विद्या खऱ्या अर्थाने उपयोगी झाली. त्यानंतरच्या पहिल्या दशकातील कित्येक यंत्रे २ गिगाबाइटपेक्षा मोठे कार्ड वाचू शकत नाहीत. अशा यंत्रांत साऱ्या देशाचा आजचा नकाशा मावत नाही, ही तक्रार खरी आहे.

परंतु ही जागा नावे खातात काय ? थोडा हिशेब करून पाहू. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास ३ बाइट लागतात, रोमन अक्षरास १. ‘परभणी’ या शब्दात पाच चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट झाले. रोमन लिपीत हेच नाव आठ अक्षरांचे, म्हणजे ८ बाइटांचे होते. यावरून देवनागरी खर्चिक आहे असा समज होतो. तथापि १९९१ साली प्रमाणित झालेल्या भारतीय इस्की संकेतात प्रत्येक चिन्हास एकच बाइट लागे, आणि त्यात ‘परभणी’ ५ बाइटांत, म्हणजे रोमनपेक्षाही कमी जागेत मावत असे. लांबी लिपीची नव्हे, संकेताची आहे. आणखी असे, की रस्त्याचे एकेक वळण नोंदण्यास अक्षांश व रेखांश असे दोन आकडे लागतात. प्रत्येकी ४ बाइट धरले तर एका वळणास ८ बाइट होतात. म्हणजे परभणीचे पूर्ण देवनागरी नाव रस्त्याच्या दोन वळणांपेक्षा कमी जागा घेते. एखाद्या जिल्ह्यात हजार गावे मानली आणि प्रत्येकाच्या नावास ४० बाइट दिले, तरी एकूण ४० हजार बाइट होतात. दोन गिगाबाइटच्या कार्डाचा तो पन्नास हजारावा भाग होय. जागा खातात ती वळणे, इमारतींच्या आकृत्या, चित्रे आणि निरनिराळ्या भाषांतील ध्वनिफिती.

यावरून निष्कर्ष असा निघतो, की गावाचे पूर्ण नाव गाळण्यास साठवणीचे कारण पुरेसे नाही. कागदावर ते कारण खरे होते. यंत्रात ती केवळ कागदाची उरलेली सवय आहे. आणि या सवयीची किंमत लहान नाही. परभणी तालुक्यातील टाकळी कुंभकर्ण या गावाचे ‘कुंभकर्ण’ काढले तर उरते ती टाकळी, आणि टाकळ्या महाराष्ट्रात ठायी ठायी आहेत. खुर्द आणि बुद्रुक या पदांची हीच गोष्ट. सेलू नावाचा तालुका परभणीत आहे, तसा वर्धा जिल्ह्यातही आहे. पूर्णा हे परभणीतील तालुक्याचे गाव आहे, गोदावरीस मिळणारी नदी आहे, आणि विदर्भात तापीस मिळणारी निराळीच नदीही आहे. रात्री रुग्णास आणावयास निघालेल्या वाहनाला यांतील भेद कळणे हा पांडित्याचा विषय नव्हे.

तेव्हा जुने यंत्र अद्ययावत करताना काही तत्त्वे पाळणे इष्ट ठरेल. पहिले असे, की गाळणी चित्रांपासून व अनावश्यक ध्वनिफितींपासून सुरू करावी. नावांस हात लावू नये. दुसरे, प्रदेश निवडावयाचा तो राज्याच्या सीमेवरून न निवडता प्रवासाच्या दिशेवरून निवडावा. ‘केवळ महाराष्ट्र’ ठेवल्यास परभणीकराचा निर्मल, निजामाबाद, बिदर व हैदराबाद यांकडे जाणारा मार्ग सीमेवर तुटतो. शतकानुशतकांचे दळणवळण १९५६ च्या रेषेवर थांबत नाही. दूरची राज्ये सोडावीत, शेजार सोडू नये. तिसरे, नव्या नावाबरोबर जुने नाव शोधासाठी कायम ठेवावे.

चौथे तत्त्व विशेषतः आपल्यासारख्यांसाठी आहे. नवा नकाशा बहुधा जुन्यावर लिहिला जातो आणि जुना नाहीसा होतो. कागदी पत्रकाची जुनी आवृत्ती ग्रंथालयात राहते व तिच्या समासातील वर्ष वाचता येते. यंत्रातील नकाशास असा समास दिसत नाही. म्हणून पुसण्यापूर्वी जुन्या नकाशाची प्रत काढून तिच्यावर वर्ष घालून ठेवावे, आणि विद्यापीठीय विभागांनी अशा प्रती गॅझेटियरांच्या शेजारी जतन कराव्यात. सेवानिवृत्त होऊ घातलेल्या डीव्हीडी व कार्डे आज मोडीत निघत आहेत. २००९ साली परभणी जिल्ह्यातील एखादे गाव कोणत्या नावाने, कोणत्या लेखनाने आणि कोणत्या रस्त्यावर दाखविले जात होते, हे उद्याच्या संशोधकास विचारावयाचे झाल्यास त्याचे उत्तर त्यांच्यातच सापडेल.