मुक्त संदेश आणि मर्यादेचा निकष

दि. ३ मे १९७८ रोजी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या विक्री-विभागाने नवे संगणक पाहण्याचे निमंत्रण ‘आर्पानेट’ या अमेरिकन संगणक-जाळ्यावरील सुमारे ४०० व्यक्तींस एकदम धाडले. जाळे शासकीय कार्यासाठी असल्याने अधिकाऱ्यांनी हा उघड नियमभंग ठरविला. परंतु मजकूर पाहून अटकाव केल्यास अभ्यासकांचा मुक्त पत्रव्यवहारही खुंटेल, ही शंका लगेच उमटली. संगणकतज्ज्ञ रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रथम संदेशाची पाठराखण केली. तो प्रत्यक्ष पाहताच त्यांनी आक्षेप घेतला, तो मात्र मजकुरावर नव्हे, तर नावांच्या प्रदीर्घ यादीवर. १९९० च्या दशकात ‘यूजनेट’च्या चर्चागटांतही हाच विवेक रूढ झाला : जाहिरातींचा लोंढा रोखताना विषय न पाहता प्रतींची संख्या मोजली जाऊ लागली. मर्यादा प्रसाराला असावी, विचाराला नसावी, हे तत्त्व यातून निष्पन्न होते.