लक्ष्मीबाईंची वेगळी चूल

आजची गोष्ट इतिहासातली आहे, पण ती सांगायचं कारण आमच्याच एका गटाच्या बैठकीत घडलं.

संक्रांतीच्या आधीची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले आणि हळदीकुंकवाचा विषय निघाला. वाण काय लुटायचं, चहा कुणी करायचा हे ठरत असताना एक जण म्हणाली, "त्या ताईंना कशाला सांगायचं? त्या ख्रिश्चन. त्यांचा धर्म बाहेरचा." ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्या ताई तिथंच बसलेल्या. नऊ वर्षं गटाची हिशेबवही त्यांच्याकडे आहे आणि एका रुपयाची चूक नाही. त्यांनी वही मिटली, पिशवीत ठेवली आणि खाली बघत बसल्या. कुणीच काही बोललं नाही. गटांचं काम बघणाऱ्या आम्हीही गप्प बसलो, आणि ते आम्हाला फार लागलं.

"बाहेरचा" म्हणजे नक्की कुठला? आपल्याच नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, गावोगाव ख्रिस्ती घरं आहेत. तीच ज्वारी, तीच भाकरी, तीच मराठी. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात शंभरातला साधारण एक माणूस ख्रिस्ती आहे. हे लोक, त्यांची परंपरा इथं कशी रुजली, ते आम्ही वाचून काढलं. त्यातलं थोडं आज सांगतो.

मराठी आणि ख्रिस्ती धर्म यांची ओळख चारशे वर्षांपूर्वीची आहे. थॉमस स्टीफन्स नावाचे एक इंग्रज पाद्री 1579 साली गोव्यात आले. ते मराठी शिकले, नुसती बोलायपुरती नाही, तर ओवी रचण्याइतकी. ख्रिस्ताची कथा त्यांनी ओव्यांमध्ये लिहिली. त्या ग्रंथाचं नाव 'ख्रिस्तपुराण'. तो 1616 साली छापला गेला. जवळजवळ अकरा हजार ओव्या! पुराण हा आपला शब्द, ओवी हा आपला छंद. म्हणजे येशूची गोष्ट आपल्याकडे आली ती जात्यावरच्या चालीत आली.

पण मैत्रिणींनो, दुखरी बाजू झाकून चालणार नाही. त्याच गोव्यात पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी देवळं पाडली, लोकांवर जबरदस्ती केली. धर्माच्या नावानं शिक्षा देणारी न्यायसभा तिथं 1560 मध्ये बसली. लोक रातोरात देव घेऊन पळाले. आज आपण ज्या मंगेशीला दर्शनाला जातो, तो देव मूळचा कुशस्थळीचा. भक्तांनी त्याला नदीपलीकडं प्रियोळला नेलं, म्हणून तो वाचला. एकीकडे ओवी रचणारा पाद्री आणि एकीकडे देऊळ पाडणारी सत्ता, दोन्ही खरं आहे. प्रेमानं सांगणं वेगळं आणि सत्तेनं लादणं वेगळं. हा फरक आपण पुढच्या गोष्टीतही लक्षात ठेवू.

आता आपल्या नगरला येऊ. इथं 1831 साली अमेरिकन मिशनचं काम सुरू झालं. ही मंडळी धर्मप्रसारालाच आली होती, ते त्यांनी कधी लपवलं नाही. पण त्यांनी शाळाही काढल्या. सिंथिया फरार नावाच्या एक अविवाहित बाई 1827 मध्ये अमेरिकेहून मुंबईला आल्या, पुढं नगरला आल्या आणि मुलींना शिकवत राहिल्या. 1862 साली त्या इथंच वारल्या. जोतीराव फुले त्यांची शाळा पाहून गेले होते. त्यांनी 1848 मध्ये पुण्याला मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिक्षिका होण्याचं शिक्षण घेतलं ते नगरला या फरारबाईंकडे आणि पुण्याला दुसऱ्या एका मिशनच्या बाईंकडे. फुले पती-पत्नी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी विद्या घेतली आणि आपला मार्ग आपण काढला. सही करताना आपण पेन उचलतो, त्या पेनापर्यंत आपल्याला आणणाऱ्या हातांमध्ये सावित्रीबाईंचा हात आहे, तसा त्यांना शिकवणाऱ्या एका ख्रिस्ती बाईचाही आहे.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी आज बोलायला बसलो. लक्ष्मीबाई टिळकांची.

लक्ष्मीबाई 1868 साली नाशिकजवळ जलालपूरला जन्मल्या. वडिलांचं सोवळं असं कडक की घरातली माणसं जेरीस यायची. अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक, कवी माणूस, मनस्वी, आज इथं तर उद्या तिथं. लक्ष्मीबाईंनी शाळा पाहिलेली नव्हती. 1895 च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांनी ख्रिस्ती धर्म घेतला. बायको त्यांच्याजवळ नव्हती. तिला विचारलेलंही नव्हतं.

विचार करा. पदरात लहानगा दत्तू. नवरा जिवंत, पण नात्यागोत्यात त्याचं नाव काढायची चोरी. लोक कीव करायचे, तीही टोचायची. लक्ष्मीबाईंचं डोकं फिरायची वेळ आली. नातेवाइकांच्या आधारानं त्या पंढरपूरला राहिल्या. टिळकांनी बायकोला पत्रं लिहिणं सोडलं नाही, आणि तिला ओढूनही नेलं नाही. "माझा धर्म घेतलास तरच माझी" असं म्हटलं नाही.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला नवऱ्याकडे आल्या, पण स्वतःची वेगळी चूल मांडून. स्वतःचं पाणी वेगळं, भांडी वेगळी, सोवळं सांभाळून. मिशनच्या वस्तीत एका बाजूला ख्रिस्ती नवरा आणि दुसऱ्या बाजूला देव पुजणारी बायको. आपण "वेगळी चूल मांडली" म्हणतो ते घर फुटल्यावर. इथं वेगळ्या चुलीनं घर टिकलं.

मग हळूहळू आतून काहीतरी बदललं. जातपात देवानं केली की माणसानं, हा प्रश्न त्यांनी स्वतःलाच विचारला आणि उत्तर आलं, माणसानं. त्या दिवसापासून शिवाशिव गळाली. कुणाच्याही हातचं पाणी त्यांना चालू लागलं. पुढं 1900 साली त्यांनी स्वतःहून ख्रिस्ती धर्म घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आपल्या पावलांनी.

पुढचा संसार आणखी सांगण्यासारखा आहे. टिळक ख्रिस्ती झाले तरी त्यांचे तुकोबा सुटले नाहीत. तुकोबांमुळेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते म्हणत. त्यांनी ख्रिस्तावर अभंग लिहिले. आजही मराठी चर्चमध्ये टिळकांची भजनं म्हणतात. त्यांच्या घरी गोरगरिबांची, अनाथ मुलं वाढली. कवी बालकवी ठोंबरे या घरात राहिले. ते हिंदू होते आणि हिंदूच राहिले. लक्ष्मीबाईंनी त्यांच्यावर आईसारखी माया केली. टिळक 1919 मध्ये गेले. त्यांनी 'ख्रिस्तायन' नावाचं काव्य सुरू केलं होतं, ते लक्ष्मीबाईंनी पुढं नेलं. आणि शाळा न पाहिलेल्या या बाईंनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. 1934 पासून ती छापून येऊ लागली. मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत तिचं नाव पहिल्या रांगेत घेतात. गटातल्या एकीनं तरी ते पुस्तक आणून सगळ्यांना वाचून दाखवावं. हसून हसून डोळ्यांत पाणी येतं आणि मग खरंच पाणी येतं.

आता कुणी म्हणेल, लक्ष्मीबाई शेवटी ख्रिस्ती झाल्याच ना? म्हणून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाची गोष्टही ऐका. रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म घेतला. 1889 मध्ये त्यांनी मुंबईला शारदा सदन काढलं, विधवा मुलींना शिकवण्यासाठी. पुढं ते पुण्याला गेलं. काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसू लागल्या तेव्हा गदारोळ झाला. सल्लागार मंडळींनी अंग काढून घेतलं, पालकांनी मुली घरी नेल्या. त्या आईबापांची भीती अगदीच खोटी होती असं आम्ही म्हणणार नाही. आपली मुलगी आपल्यापासून तुटेल, असं कुणालाही वाटेल.

पण त्याच शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. 1893 मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. त्याच आपल्या बाया कर्वे. त्या हिंदूच राहिल्या. पुढं कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला, त्यासाठी बाया वर्गणी मागत फिरल्या. ख्रिस्ती बाईंच्या घरात शिकलेली हिंदू बाई दुसऱ्या विधवांसाठी उभी राहिली.

रमाबाई थांबल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो उपाशी बायका-मुलं त्यांनी दौंडजवळ केडगावला आणली. तिथल्या 'मुक्ती'मध्ये बायका शेती करू लागल्या, विणू लागल्या, छापखाना चालवू लागल्या. आज आपण ज्याला स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणतो, ते तिथं सव्वाशे वर्षांपूर्वी चाललं होतं.

मैत्रिणींनो, आम्हाला या सगळ्यातून एवढंच कळलं. ज्यानं त्यानं आपल्या मनानं देव निवडावा. कुणी कुणाला ओढून नेऊ नये, आणि वेगळा देव निवडला म्हणून कुणी कुणाला घराबाहेर, गावाबाहेर, गटाबाहेर काढू नये. आपल्या संविधानाच्या पंचविसाव्या कलमात हेच आहे. प्रत्येकाला आपल्या विवेकानं धर्म मानायचा, पाळायचा आणि दुसऱ्याला सांगायचा हक्क आहे, फक्त त्यानं सार्वजनिक शांतता, नीतिमत्ता आणि आरोग्य बिघडता कामा नये. हे कायद्यात यायच्या पन्नास वर्षं आधी लक्ष्मीबाई आणि टिळक ते दोन चुलींवर जगून दाखवत होते.

आता आमच्या बैठकीचं. पुढच्या आठवड्यात आम्ही त्या ताईंच्या घरी गेलो. आधी माफी मागितली, कारण बोलली एक होती पण गप्प सगळ्याच बसलो होतो. मग विचारलं, "ताई, तुम्हाला यायला आवडेल का, आणि कसं आवडेल?" त्या म्हणाल्या, "कुंकू मी लावत नाही, पण तिळगूळ खाते की! आणि वाण मला कुणी आजवर दिलंच नाही." जिनं ते वाक्य म्हटलं होतं, ती आमच्याबरोबरच होती. ती काही बोलली नाही, पण निघताना तिनं ताईंची पिशवी उचलून दारापर्यंत आणली.

यंदा आम्ही कार्यक्रमाचं नाव 'तिळगूळ' ठेवलं. जिला हळदीकुंकू हवं तिला लावलं, जिला नको तिला नाही. मग गटातल्या तीन विधवा बायकाही आल्या. इतकी वर्षं त्या त्या दिवशी तब्येतीचं कारण सांगून घरी बसायच्या, हे आमच्या तेव्हा लक्षात आलं. वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. वाट्या मोजून, सह्या घेऊन हिशेब कुणी लिहिला असेल? ताईंनीच. चार वाट्या उरल्या, त्या त्यांनी वहीत मांडल्या.

तुमच्या गटात कुणाला बोलावणं जात नाही, हे पुढच्या बैठकीत एकदा विचारून बघा.