कोरा रकाना आणि यंत्राची भाषा

शासकीय सेवेत असताना पर्जन्यमानाचे तक्ते आमच्या नजरेखालून नेहमी जात. एका वर्षी संगणक कक्षाकडून आलेल्या तक्त्यात एका तालुक्याची सरासरी ४० मिलिमीटर छापली होती. शंका आली म्हणून मूळ नोंदवही मागवली. पाचपैकी चार केंद्रांच्या नोंदी ६०, ४०, ८० आणि २० अशा होत्या. पाचव्याचा रकाना कोरा होता. यंत्राने तेथे शून्य धरले होते. चार नोंदींची सरासरी ५० येते. बेरीज पाचांनी भागली की ४०. पाऊस मोजला न जाणे आणि पाऊस न पडणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी. परंतु यंत्राला हा हिशेब कोणी, कसा सांगितला होता, हे विचारण्याइतकीही ती भाषा आम्हांस अवगत नव्हती.

ती भाषा तशी जुनी आहे. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्राविषयी १८४३ साली लिहिलेल्या टिपणांत एडा लव्हलेस यांनी बर्नुली संख्या काढण्याची रीत पायरीपायरीने मांडली. यंत्र पूर्ण झालेच नाही, आज्ञावली मात्र कागदावर उरली. पुढे अमेरिकेच्या १८८० च्या जनगणनेची तक्तेवारी सात-आठ वर्षे रेंगाळली, तेव्हा हर्मन हॉलरिथ यांनी १८९० च्या जनगणनेसाठी छिद्रपत्रे वापरली. पत्रावरील छिद्रातून सुई पाऱ्यात उतरे, विद्युतमंडल पूर्ण होई आणि गणकाचा काटा एक घर पुढे सरके.

आपल्याकडे महालनोबीस यांनी १९३१ मध्ये स्थापलेल्या कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५६ साली ब्रिटनहून आणलेला संगणक सुरू झाला. देशातील पहिला अंकीय संगणक संख्याशास्त्राच्या घरी यावा, हे आम्हांस सूचक वाटते. मात्र त्या काळी यंत्राशी त्याच्याच सांकेतिक अंकांत बोलावे लागे. १९५७ च्या फोरट्रानने सूत्रे जवळपास कागदावरच्यासारखी लिहिण्याची सोय केली. १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी खास आकडेवारीच्या अभ्यासासाठी ‘एस’ ही भाषा रचण्यास आरंभ केला. तिच्याच वळणावर ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ‘आर’ घडवली व १९९३ मध्ये जाहीर केली. गीडो व्हान रोसुम यांची पायथॉन १९९१ मध्येच लोकांसमोर आली होती. २००८ पासून वेस मॅकिनी यांनी तिच्यासाठी ‘पँडाज’ हा तक्ते हाताळण्याचा संच रचला.

या साऱ्या वाटचालीत ज्याच्या मनात प्रश्न आहे तो माणूस आणि यंत्र यांतील अंतर कमी होत गेले. मध्यस्थाची गरज उणावली.

साठी उलटल्यावर आम्ही ही भाषा शिकावयास बसलो. मूलतत्त्वे चारच, आणि दप्तरात आयुष्य घालवलेल्यास ती परकी नाहीत. ‘चल’ म्हणजे नाव देऊन राखलेली जागा, जसा शीर्षक असलेला रकाना. ‘अट’ म्हणजे असे असेल तर हे, नसेल तर ते. शासननिर्णयाची भाषा याहून काय वेगळी असते? ‘आवर्तन’ म्हणजे प्रत्येक ओळीवर तीच क्रिया. ‘कार्य’ म्हणजे एकदा ठरवून दिलेली रीत, जी नावाने हाक मारताच कामाला लागते.

मग तो जुना तक्ता आम्ही आठवणीने मांडला. कोरा रकाना ‘नोंद नाही’ या खुणेने दाखवून आरमध्ये साधी सरासरी मागितली. उत्तर आले, ‘उपलब्ध नाही’. एक नोंद अज्ञात म्हणून सरासरीही अज्ञात! ती नोंद वगळावयाची असल्यास तसे स्पष्ट सांगावे लागते. पँडाजने मात्र कोरी जागा आपणहून वगळून ५० हा आकडा दिला. आमच्या कार्यालयातील यंत्राने तर ४० सांगितले होते. नोंदी त्याच, उत्तरे तीन. कोणते घ्यावे, हे नोंद का राहिली ते जाणणाऱ्यानेच ठरवावयाचे असते.

आज कृत्रिम बुद्धिमत्ता मागताक्षणी आज्ञावली लिहून देते. मग ही अक्षरओळख कशाला, असे आमचे समवयस्क विचारतात. आज्ञावली कोणीही लिहो. तिने कोऱ्या रकान्याचे काय केले, एवढे तरी आपल्याला वाचता आले पाहिजे. तेवढे त्या वर्षी आम्हांस येत असते, तर चुकलेला तक्ता परत पाठवताना नेमके काय दुरुस्त करावयाचे, तेही आम्ही लिहू शकलो असतो.